कोलार बी घ्या

चैत्र लागला की आमच्या गावात परमुलखाच्या गाड्या दिसायला लागतात. वडूजच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत वळलं, की बाभळीखाली, देवळाच्या मागं, शाळेच्या भिंतीला लागून त्या उभ्या असतात. नंबराच्या पाट्या तामिळनाडूच्या, केरळच्या, आंध्रच्या, एखादी थेट पंजाबची. नवा माणूस आला तर त्याला वाटावं की इथं कुणीतरी मोठा मंत्री मेला की काय. तसं काही नसतं. आमच्या गावची निम्मी घरं सोनं गाळायच्या धंद्यात आहेत. कुठल्या कुठल्या गावच्या सराफपेठेत त्यांची एक खोली आणि एक भट्टी असते. वर्षभर गावात म्हातारी माणसं आणि शेळ्या राहतात. यात्रा आली की सगळी सोन्याची माणसं परत येतात, आठ दिवस गाव गजबजतं आणि पुन्हा रिकामं होतं.

मला हे दिवस आवडत नाहीत. कडुनिंबाला मोहर आलेला असतो, त्याचा कडवट-गोड वास सकाळी अंगणात दाटतो. दुपारी वारा सुटतो आणि माळावरची माती उठते. ती माती दातांखाली आली, की मी इथं राहत नाही. मी कोलारला जाते.

कोलारला मी एकच हंगाम राहिले. लग्नानंतरची पहिली संक्रांत झाली आणि आमचे हे मला घेऊन गेले. थोरल्या दिरांची भट्टी होती तिथं, खाणीच्या अलीकडच्या बाजारपेठेत. ह्यांचं काम भट्टीवर, थोरल्या जाऊबाईंचं घरात, आणि माझं जे पडेल ते. मी चौथी शिकलेली, माळावरची, कधी मिरजेच्या पुढं गेले नव्हते. रेल्वेतून उतरले तेव्हा पहिल्यांदा दिसले ते डोंगर. पांढरट, राखाडी, वरून सपाट, झाड ना झुडूप. मला वाटलं, देवानं इथं डोंगर करायला घेतले आणि मधेच टाकून दिले. हे हसले. म्हणाले, "आगं, डोंगर न्हाईत त्ये. खाणीतनं उपसल्याली माती हाय. सोनं काढून घ्यायचं आन माती तितंच टाकायची. शंभर वर्सं टाकत्यात."

वारा सुटला की त्या ढिगाऱ्यांची पूड सगळ्या गावावर यायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर, भाताच्या भांड्यावर, पापण्यांवर. सकाळी मात्र हवा इतकी गार असायची की आमच्याकडच्या थंडीची आठवण यावी. खाणीचा भोंगा वाजला की रांगेतल्या घरांमधून माणसं निघायची, डब्यांचा आवाज यायचा. लांब गुलमोहराच्या झाडांमागं साहेबलोकांचे जुने बंगले, त्यांची लाल कौलं. मला ते सगळं चित्रासारखं वाटायचं. एवढी मोठी खाण शेजारी, पण आमचं सोनं काही त्या खाणीतलं नव्हतं. आमचं सोनं केरसुणीचं होतं. सोनारांच्या दुकानातली झाडलोट आम्ही आणायचो. ती धुवायची, जाळायची, मुशीत घालून आटवायची, तेजाबात टाकायची. पिवळा धूर निघायचा. तो धूर नाकात गेला की दिवसभर जेवणाला चव नाही. तोच धूर छातीत घेऊन हे पुढं गावी परत आले आणि शेवटपर्यंत खोकत राहिले.

त्या खोलीचे नियम होते. खोलीतून बाहेर पडताना हातपाय टबात धुवायचे, आणि ते पाणी फेकायचं नाही. नखं कापायची ती कागदावर. खोलीत नेसलेलं कापड नळावर धुवायचं नाही, त्याच टबात धुवायचं. कारण सोन्याची पूड दिसत नाही, पण असते. ती कापडात मुरते, पोत्यात मुरते, चटईत मुरते. म्हणून वर्षाच्या शेवटी, यात्रेला गावी निघायच्या आधी, सगळं जुनं गोळा करून अंगणात जाळायचं. केरसुण्या, पोती, चटया, फडकी. ती राख आटवली की तळाशी सोनं सापडायचं. आम्ही त्याला जाळणी म्हणायचो. जाळणीचा दिवस म्हणजे सण. दीर जिलेबी आणायचे.

यंदा यात्रा उरकली आणि तिसऱ्या प्रहरी सगळे थोरल्या घरच्या कट्ट्यावर बसले होते. थोरले दीर आता नाहीत, आमचे हेही नाहीत. अक्का आहे. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला अहोजाहो करते. इथं करणार नाही. तिचा मुलगा दिगंबर, तोही तिला अक्काच म्हणतो, सेलमला असतो, मोठी गाडी आहे, मोठी भट्टी आहे. त्याची मुलगी मधुरा कॉलेजात आहे. तिचं मराठी जरा गोल गोल, तिकडच्या हेलाचं, पण पोरगी गोड. आल्या आल्या माझ्या घरी येऊन लसूण-मिरचीचा ठेचा मागते.

दिगंबर म्हणाला, "यंदा परत जाताना सरळ हमरस्त्यानं जायाचं न्हाई. मधुरानं रस्ता काडलाय. डोंगरातनं, जुन्या खाणींची गावं बघत बघत. समदी चला. अक्का, काकी, दोगी बी. महिनाभर ऱ्हावा आन रेल्वेनं परत या."

अक्का म्हणाली, "डोंगर बघाय एवढ्या लांब? ह्यो काय समोर हाय की. रोज फुकट बघतोय."

"आज्जी, तिकडचे लाल आहेत. संदूरचे. लोखंडाचे डोंगर आहेत ते." मधुरानं फोन पुढं केला. खरंच, लाल मातीचे कडे, मधून वळत गेलेला काळा रस्ता, आणि वर ढग टेकलेले.

"लोखंडच बघायचं तर कुपवाडला जा म्हनावं. सुमनच्या पोराच्या कारखान्यात रग्गड पडलंय."

सगळे हसले. माझा मुलगा कुपवाडला लेथवर आहे, यात्रेपुरता मोटरसायकलवरून आला होता. तोही हसला. मी उंबऱ्याच्या आत ज्वारी निवडत बसले होते. मी बैठकीत बसत नाही, मला जमत नाही. चार माणसं माझ्याकडं बघायला लागली की शब्द घशात अडकतो. लहानपणापासून तसंच आहे.

मधुरा गावं सांगत होती. मिरजेवरून विजापूर, तिथून इरकल, आत हट्टीची सोन्याची खाण, मग होस्पेट, संदूरचा घाट.

"इरकल लागतंय व्हय वाटंत?" अक्का एकदम सरसावून बसली. "मग मी येते. लुगडी घिऊ तितं. टोपपदराची."

सुपातली ज्वारी सांडली. आणि मी बोलले.

"कोलार बी घ्या."

दिगंबरानं वळून बघितलं. "कोन बोललं? काकी? आरं, काकी बोलली!"

"तितं काय हाय आता?" अक्का म्हणाली. "खाण बंद पडून किती वर्सं झाली. धूळ खायाला जायाचं?"

"न्हाई अक्का, काकीनं जल्मात पयल्यांदा कायतरी मागितलंय. कोलार घेतलं, बघ. सेलमच्या वाटंवरच हाय."

नंतर मधुरा माझ्याजवळ येऊन बसली. तिनं विचारलं, होस्पेटपासून पुढं सरळ रस्ता घेऊ का घाटाचा? मी म्हटलं, घाटाचा. जितकी वळणं जास्त, तितकं बरं. तिला वाटलं मला डोंगर आवडतात. अक्काला गाडी लागते, हे तिला कुठं ठाऊक असणार. अक्का सेलमला जाते ती रेल्वेनंच.

माझ्या आईची दोन लुगडी होती. एक तिच्यासोबत गेलं. दुसरं माझ्याकडं आलं. इरकली, काळ्या चंद्रकळेसारखं गडद, लाल पदरावर दातांसारखे पांढरे टोप. मधे दंड घातलेला, म्हणजे फाटल्यावर कापून परत जोडलेलं. ती शिवण आईची. माळावर खुरपायला जायची ती त्याच लुगड्यात. काठाला एका जागी बाभळीच्या काट्यानं ओढलं होतं, तिथं तिनं काळ्या दोऱ्यानं रफू केलं होतं. मला झोप यायची नाही तेव्हा मी त्या रफूवर बोट फिरवायची.

कोलारला गेल्यावर अक्कानं सांगितलं, "भट्टीपाशी नायलॉन नेसू नगंस. ठिणगी पडली तर चिकटंल अंगाला. सुती हाय का कायतरी?" माझ्याकडं सुती ते एकच होतं. म्हणून हंगामभर मी आईचं लुगडं नेसून त्या खोलीत काम केलं. भाता ओढला, राख चाळली. मला त्यात भीती वाटायची नाही. आई पाठीशी उभी आहे असं वाटायचं.

निघायच्या आधी मी ते टबात धुतलं. एकदा, दोनदा, परत एकदा. पाणी एक थेंब सांडू दिलं नाही, आणि दोरीवर वाळत घातलं. अक्काला विचारलं, "आवं अक्का, यात्रेला ह्येच नेसू का?"

ती म्हणाली, "नेस की. तुजंच हाय."

तिचे हे शब्द मी विसरणार नाही. तुजंच हाय.

दुसऱ्या दिवशी मी नळावर पाण्याला गेले. परत आले तर अंगणात जाळणी पेटली होती. दीर खुर्चीवर, जिलेबीचा पुडा त्यांच्या मांडीवर. हे पाठमोरे, लांब काठीनं पोती आत लोटत होते. आणि दोरीवर काही नव्हतं. मी विस्तवाकडं बघितलं. लाल पदराचे पांढरे टोप एक एक करून काळे होत होते, खालून वर, कुणी दात काढावेत तसे. कळशी माझ्या कमरेवरच होती. मी ती ओतू शकले असते. पाय हलले नाहीत, तोंड उघडलं नाही.

अक्कानं माझ्याकडं बघून सांगितलं, "धुऊन समदं निगत न्हाई. मुरल्यालं असतंय." आणि माझ्या हातावर जिलेबी ठेवली.

ह्यांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, मला कळलं न्हाई, गठडं बांधल्यालं हुतं. मी काही दिवस त्यांच्याशी बोलले नाही, मग बोलायला लागले. संसार होता. अक्काशी मात्र मी त्याच दिवशी बोलायला लागले, आणि आत कधीच बोलले नाही.

त्या सोन्याचं काय झालं? सगळ्या सोन्यात मिसळलं आणि पेठेत गेलं. कुणाच्या तरी बोरमाळेत असेल. कुणाच्या मंगळसूत्राच्या वाटीत. लग्नात बायका नटून बसतात तेव्हा मी त्यांच्या गळ्याकडं बघते. त्यांना वाटतं, सुमनला दागिन्यांची हौस आहे.

त्या वर्षी यात्रेला मी अक्कानं दिलेलं नायलॉनचं पातळ नेसले. ती देवळापुढं बायकांना सांगत होती, "मीच घेतलंय धाकटीला. हिच्याकडं हुतंच काय?" आणि बायका माझ्या पातळाला हात लावून बघत होत्या.

मी सूड घेतला नाही असं नाही. घेतला, मला झेपेल तेवढा. दरवर्षी यात्रेला मटणाचं वाढप माझ्याकडं असतं. अक्काच्या ताटात मी कधी नळी पडू दिली नाही. तिला नळी फार आवडते. वाट बघते, चमच्यानं रस्सा हलवते, मग गप्प जेवते. पावट्याच्या शेंगा पाठवताना किडक्या खाली घातल्या. तिच्या दारचं तुळशीचं रोप मागितलं आणि आणून गोठ्यापाशी लावलं. एकदा तिची रेशमी साडी माझ्या माळवदावर वाळत होती आणि माझ्या हातात काड्यापेटी होती. मी बराच वेळ उभी राहिले. पण मग विचार केला, साडी जळली तर दिगंबर दुसरी आणेल. ठिणगी उडाली असेल, म्हणतील. तिला कळणारच नाही की हे कशाबद्दल आहे. मी काड्यापेटी परत चुलीपाशी ठेवली. मला तिचं कापड नको होतं. तिनं सगळ्यांसमोर माझ्या आईचं नाव घ्यावं, एवढं हवं होतं.

म्हणून कोलार. त्याच अंगणात. तिच्या मुलापुढं, सुनेपुढं, नातीपुढं. इतकी वर्षं जे माझ्या तोंडातून निघालं नाही ते तिथं निघेल, असं मला वाटतं. का, ते सांगता येत नाही. इथं ही अक्का म्हणजे थोरल्या घरची, देवळात मान असलेली. तिथं ती माझ्यासारखीच धुळीत उभी असेल.

काल दुपारी अक्का माझ्या घरी आली. गुडघे दुखतात म्हणून भिंतीला धरून बसली. मी चहा टाकला.

"सुमे, तू कोलार का म्हनलीस ते मला ठावं हाय."

मला वाटलं, आली. शेवटी आठवण आली हिला. ही आता बोलेल, आणि इथंच बोलेल, चुलीपाशी, कुणी नसताना. मला राग आला. हिला एवढ्या स्वस्तात सुटू द्यायचं नव्हतं.

ती म्हणाली, "सकाळधरनं त्येच डोळ्याफुडं येतंय बग. त्या सालची जाळणी! तसली जाळणी परत कवा निगाली न्हाई. तुजं दीर म्हनलं हुतं, धाकटीचा पायगुण हाय. लय निगालं हुतं गं."

मी चुलीतला विस्तव पुढं सारला. "काय काय टाकलं हुतं तवा?"

"काय टाकायचं असतंय? केरसुण्या, पोती, चटया. एक-दोन फडकी."

"फडकी कुनाची?"

ती हसली. "आगं, फडक्याला काय मालक असतोय व्हय?"

मी चहा गाळला. आलं जास्त पडलं होतं. ती फुंकर मारत प्यायली आणि म्हणाली, "आन ह्ये बग, इरकलला थांबनारच हाय आपन. तुला एक टोपपदराचं घिऊन देते. तुज्या अंगावर कवा बघितलं न्हाई मी इरकली."

तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. लबाडी नव्हती, भीती नव्हती. म्हातारीचा मऊ चेहरा, हनुवटीवरचं गोंदण पुसट झालेलं. तिला खरंच आठवत नाही. तिला राखेतून काय निघालं ते तोळ्या-माशापर्यंत ध्यानात आहे, आणि आत काय गेलं ते नाही. कोलारला त्या ढिगाऱ्यांखाली राहणारे लोक आठवले मला. सोनं ज्यांनी नेलं ते कुठल्या कुठं गेले. पूड ज्यांच्या पापण्यांवर बसते ते तिथंच आहेत.

मी तेव्हाच सांगू शकले असते. खोलीत दोघीच होतो. पण मला तिची पुढची वाक्यं ऐकू येत होती. आगं, मग तवाच का न्हाई बोललीस? आगं, जुनंच हुतं न्हवं त्ये. आता दोन घिऊन देते. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून ती चहा संपवून निघाली असती, आणि झालं असतं. माझी आई एका कपात बुडाली असती.

मी म्हटलं, "चला अक्का, जाऊया. गाडीत मी तुमच्याशेजारीच बसते."

"बस बाई. मला घाटात लय तरास हुतोय. डोकं धर माजं."

"धरते की."

मला दया येत नाही असं नाही. काल ती उंबरा उतरताना एक पाय हवेत धरून थांबली आणि मीच उठून तिचा दंड धरला. तिचा दंड काटकीसारखा झाला आहे. मधुरा तिच्यावर जीव टाकते. कोलारला मी बोलले की त्या पोरीचं तोंड कसं होईल, तेही मी मनात बघून घेतलं. ती माझ्याशी बोलायची बंद होईल. दिगंबर म्हणेल, काकीनं एवढ्या लांब आणून हे करायचं होतं? माझा मुलगा मान खाली घालेल. हे सगळं होईल. मग मला तिचा शब्द आठवतो, फडकं, आणि दया निघून जाते.

आज सकाळी मधुरा परत आली. मी भाकरी थापत होते. ती पाटावर बसून म्हणाली, "धाकटी आज्जी, कोलारला पोचलो की मी व्हिडिओ करणार. त्या जुन्या खोलीसमोर. तू आणि आज्जी दोघी शेजारी उभ्या राहायच्या आणि तिथल्या आठवणी सांगायच्या. सेलमला आमच्या सगळ्या लोकांना दाखवणार."

"मला बोलाय येत न्हाई बाळा. तुला ठाव हाय."

"जास्त नको. तू फक्त एक वाक्य बोल. पुढचं आज्जी बोलेल."

मी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. म्हटलं, "बोलते."

ती उड्या मारत गेली. दिगंबराला ओरडून सांगितलं, धाकटी आज्जी बोलणार आहे, कॅमेऱ्यापुढं! कट्ट्यावरून अक्काचं हसणं ऐकू आलं. "सुमी? आन बोलनार? बघूया की."

तेव्हापासून मी वाक्य पाठ करते आहे. पीठ मळताना, शेळीला पाला टाकताना. पहिल्यांदा लांब होत होतं, आई, हंगाम, टब, दोरी, सगळं त्यात येत होतं, आणि मधेच दम संपत होता. मग एक एक शब्द काढून टाकला. आता दमात बसतं. ह्या अंगणात अक्कानं माझ्या आईचं लुगडं जाळलं. एवढंच. आवाज हलत नाही. मी गोठ्यात मोठ्यानं म्हणून बघितलं, शेळीनं मान वर करून बघितलं.

एवढं म्हणून मी गप्प उभी राहीन. पुढचं अक्का बोलेल.